वृद्धाश्रमात राहायला जाताय? अर्जावर सही कुणाची आहे ते आधी बघा

प्रांत ऑफिसातून अव्वल कारकून म्हणून मी रिटायर झालो. शेवटी शेवटी माझ्या टेबलाला ज्येष्ठ नागरिकांच्या फायली होत्या. मुलगा बघत नाही, सुनेनं घराबाहेर काढलं, सातबारा नावावर करून घेतला आणि मग फोन उचलायचं बंद केलं, अशा. आता मी स्वतःच सातारा जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात राहतो. मला कुणी आणून सोडलेलं नाही. बायको गेल्यावर एकट्यासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा आला, पेन्शनीत भागतं, म्हणून बॅग भरून आलो. इथले लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात, त्यांचे नातेवाईक फोनवर विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

वृद्धाश्रमातल्या माणसांच्या हक्कांचा वेगळा असा एक कायदा आपल्याकडे नाही. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायदा आहे, पण त्यात वृद्धाश्रम येतो तो कलम १९ मध्ये: निराधार ज्येष्ठांसाठी सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० माणसं राहतील असा आश्रम काढू शकतं. काढलंच पाहिजे असं बंधन नाही. खासगी आश्रमांची नोंदणी व्हावी, त्यांना किमान दर्जा लावावा, अशी दुरुस्ती डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडली गेली होती. ती मंजूर झाली नाही आणि २०२४ ला सभागृहाची मुदत संपल्यावर बारगळली. त्यामुळे आपले हक्क गोळा करावे लागतात. थोडे करारातून, थोडे ग्राहक कायद्यातून, थोडे फौजदारी कायद्यातून. बाकीचे सगळे तुम्ही सज्ञान माणूस आहात यातूनच येतात. आश्रमाच्या फाटकातून आत आल्यानं कुणी अज्ञान होत नाही. पण कागदावर तुमची स्वतःची सही नसेल तर हे कुणाच्या लक्षात राहत नाही, असा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

दाखल होण्याआधी

बहुतेक आश्रमांचा प्रवेश अर्ज सारखाच असतो. वर फोटो, आधार नंबर, रक्तगट, आजार, आणि खाली मुलाची सही. ज्याला तिथं राहायचंय त्याच्या सहीला कधी जागाच नसते. आग्रह धरा की करार तुमच्या नावानं होईल, पहिली सही तुमची, आणि पैसे मुलगा भरणार असेल तर 'शुल्क भरणारा' म्हणून त्याची सही खाली. व्यवस्थापक म्हणेल, आमच्याकडे अशी पद्धत नाही. म्हणू द्या. तुम्ही पेनानं एक ओळ वाढवली आणि सही केली तर अर्ज कुणी फाडत नाही.

करार नेटका हवा असेल तर स्टॅम्पपेपरवर करा. शंभराचा स्टॅम्प आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून किमान पाचशेचा लागतो. त्यात काय हवं? महिन्याच्या पैशात काय काय येतं हे तर हवंच: चहा, नाश्ता, धुणं, डॉक्टरची फेरी. डायपर, औषधं आणि रात्रीची बाई ही तीन कलमं बहुधा वेगळी लावतात आणि ती मूळ रकमेच्या वर जाऊ शकतात. दरवाढ वर्षाला किती टक्के, तेही आकड्यात लिहून घ्या. चार दिवस गावाला गेलात तर पैसे कापणार की पूर्ण घेणार, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोण नेणार आणि आगाऊ रक्कम कोण भरणार, हेही विचारा.

पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो विचारायला लोक कचरतात. मी अंथरुणाला खिळलो तर तुम्ही मला ठेवणार का? कित्येक आश्रम फक्त चालत्याफिरत्या माणसाला घेतात. पाय मोडला की घरी फोन जातो: घेऊन जा. ज्याचं घर विकलं गेलंय त्यानं जायचं कुठं? हे उत्तर तोंडी घेऊ नका. ठेवणार असतील तर किती जास्त पैशात, ठेवणार नसतील तर किती दिवसांची नोटीस देणार, दोन्ही लिहून घ्या.

आता पावती. ट्रस्टचा आश्रम असेल तर दाखल होताना घेतलेली मोठी रक्कम पुष्कळदा 'देणगी' म्हणून पावतीवर येते. मुलालाही ते बरं वाटतं, कारण आयकरात ८०जी ची सवलत मिळते. पण देणगी म्हणून दिलेले पैसे परत मागायला तोंड राहत नाही. तुम्ही सहा महिन्यांनी कंटाळून निघालात तर ती रक्कम गेली. अनामत असेल तर पावतीवर 'परत मिळणारी अनामत' असेच शब्द हवेत, आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत, हेही. पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. त्यावरून धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात विश्वस्त कोण आहेत ते कळतं. मी आल्या आल्या बघितलं होतं. सवय.

ट्रस्टच्या आश्रमानं बिलात जीएसटी लावला असेल तर विचारा. आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीच्या पुढच्या माणसाकडून राहणं, जेवण, देखभाल मिळून महिना २५,००० रुपयांपर्यंत घेतले तर त्यावर जीएसटी नाही.

गावाबाहेरच्या बंगल्यात सहा खाटा टाकून 'केअर सेंटर' अशी पाटी लावलेली असते, त्यांच्याबद्दलही सांगतो. तिथं सलाईन लावतात, नाकातून नळीनं जेवण देतात, लघवीची पिशवी बदलतात, म्हणजे आजारी माणसाची शुश्रूषा आणि उपचार चालतात. तसं असेल तर १९४९ चा महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा बघावा लागतो. त्या नोंदणीचं प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं. 'आम्ही हॉस्पिटल नाही' असं म्हणून सलाईनही लावायचं हे चालत नाही, प्रमाणपत्र दाखवा म्हणा. नोंदणी असलेल्या ठिकाणी २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची असते.

अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असते: 'आश्रमात काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' तिला घाबरू नका. ओळ छापली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. ओल्या फरशीवर पडून खुब्याचं हाड मोडलं आणि बाथरूमला धरायला दांडी नव्हती, तर ग्राहक आयोगात ती ओळ ढाल म्हणून पुरत नाही.

फाटक कुणाच्या हातात

दिवाळीतली गोष्ट. चिपळूणहून एका आजींची मुलगी चकल्यांचा डबा घेऊन आली. वॉचमन म्हणाला, "ताई, तुमचं नाव यादीत नाही." मुलाची फोनवर सूचना होती की बहिणीला आत सोडू नका. घराच्या वाटणीचं प्रकरण चाललं होतं. व्यवस्थापक वाईट माणूस नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊसाहेब, पैसे दादा भरतात, मी काय करू?" आजी वरच्या गॅलरीतून बघत होत्या, मुलगी फाटकाबाहेर, मध्ये तुळशीवृंदावन आणि वॉचमनची खुर्ची.

आजींना मी कागद दिला आणि मजकूर सांगितला. तो इथं देतो, लागेल तसा बदलून घ्या:

"प्रति, व्यवस्थापक. मी या आश्रमात स्वतःच्या इच्छेने राहते. मला भेटायला येणाऱ्या कुठल्याही व्यक्तीला भेटीच्या वेळेत मला विचारल्याशिवाय परत पाठवू नये. कोणाला भेटायचे नाही ते मी स्वतः सांगेन. याबाबत माझ्या मुलाने किंवा इतर कोणी सूचना दिली असल्यास ती मला लेखी दाखवावी. या अर्जाची पोच मिळावी."

खाली सही, तारीख, आणि दुसऱ्या प्रतीवर व्यवस्थापकाची सही-शिक्का. व्यवस्थापकाला उलट हायसं वाटलं. आता दादाला दाखवायला त्याच्याकडे कागद होता. मायलेकी जेवणघरात बसल्या आणि चकल्या आम्हालाही मिळाल्या.

पैसे कोण भरतो यावरून भेटीचा हक्क ठरत नाही. भेटीच्या वेळा आश्रम ठरवू शकतो, दुपारी झोपेच्या वेळी किंवा रात्री उशिरा येऊ नका म्हणू शकतो. माणसं ठरवू शकत नाही, आणि मुलगाही ठरवू शकत नाही.

बाहेर जाण्याचंही तसंच. फाटकावरच्या वहीत नाव, वेळ आणि कुठं जातो ते लिहिणं योग्य आहे, शोधाशोध करावी लागत नाही. पण नोंद वेगळी आणि परवानगी वेगळी. शुद्धीवर असलेल्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध आत कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेतला गुन्हा आहे, कलम १२७. वाट अडवणं कलम १२६ मध्ये येतं. ही कलमं रोज तोंडावर फेकायची नाहीत, पण माहीत असावीत. मी दर आठवड्याला एसटीनं बाजाराला जातो. मला अजून अर्धं तिकीट पडतं, पंच्याहत्तरी झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे. ओळखपत्र मात्र स्वतःच्या खिशात हवं. ऑफिसातल्या कपाटात ठेवलेल्या आधार कार्डावर कंडक्टर तिकीट देत नाही. व्यवस्थापनाला झेरॉक्स द्या, मूळ कागद देऊ नका.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची गोष्ट निराळी, हे मान्य. तो फाटकाबाहेर पडला तर हायवेवर जाईल. म्हणून त्याच्यासोबत माणूस लागतो, आणि माणूस परवडत नाही म्हणून दोरी लागते. इथं जरा थांबतो, कारण नातेवाईक भेटीला येतात तेव्हा हे दिसत नाही. दोरी म्हणजे दोरीच नसते. जुन्या साडीची पट्टी असते किंवा बँडेजची घडी, मनगटाला सैलसर, दुसरं टोक खाटेच्या कठड्याला. भेटीच्या आधी सोडतात. तुम्ही गेलात की मनगट हातात घ्या, आतल्या बाजूला त्वचा लालसर किंवा चकचकीत झालीय का बघा. पाठ आणि टाचा बघा, चादर खालून चाचपा. दुसरी दोरी गोळीची असते. दुपारी दोनला माणूस गाढ झोपलेला, जीभ जड, जेवताना मान खाली, असं सलग दिसलं तर विचारा: कुठली गोळी, कुठल्या डॉक्टरनं लिहिली, कधीपासून, कशासाठी. चिठ्ठीची झेरॉक्स मागा. चिठ्ठी नसेल तर ती गोळी बंद करायला सांगू नका, अचानक बंद केल्यानं त्रास होऊ शकतो. त्याच दिवशी आपल्या डॉक्टरला फोन लावा.

मानसिक आजाराच्या माणसांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लागू होतो, आणि तो या बाबतीत कडक आहे. साखळीनं बांधणं साफ बंद. हातपाय आवळायचे ते फक्त माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला तिथल्या तिथं इजा करील आणि दुसरा इलाजच नसेल तेव्हा, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, लागेल तेवढाच वेळ, नोंद ठेवून. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. 'माणसं कमी आहेत' हे कारणही चालत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. याच कायद्यात साध्या कागदावर आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूनं उभा राहणारा माणूस, नेमायची सोय आहे. आज डोकं ठिकाणावर आहे तोवर एक नाव लिहून ठेवा. मुलगाच असला पाहिजे असं काही नाही.

बाकी रोजच्या गोष्टी. मोबाइल तुमच्याकडे राहील, पत्र न फोडता मिळेल, बाईला अंघोळ बाईच घालील, उपासाच्या दिवशी काय मिळेल ते आधी कळेल. यातलं कुठलंही कलम मी तुम्हाला दाखवणार नाही. सांगायला लागलं तर समजा आश्रम निवडताना घाई झाली.

पासबुक आणि बक्षीसपत्र

एटीएम कार्ड आणि त्याचा पिन नंबर ऑफिसात जमा करायची पद्धत काही ठिकाणी आहे. सोय म्हणून सुरू होतं. तुम्ही करू नका. महिन्याचे पैसे बँकेत स्थायी सूचना देऊन आपोआप जातात, त्यासाठी कार्ड द्यावं लागत नाही. कोऱ्या चेकवर, कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सही नको, अंगठा तर मुळीच नको. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये थेट तुमच्या खात्यात येतात. ते आश्रमाला द्यायचे ठरले असतील तर पावती घेऊन द्या, खातं देऊ नका.

हात थरथरतो, सही जुळत नाही, बँक पैसे देत नाही, ही तक्रार फार येते. रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: आजारी किंवा वृद्ध खातेदार सही करू शकत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच बँक सेवा द्या असंही रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये बँकांना सांगितलं आहे. 'घरपोच' मध्ये आश्रमाचा पत्ता येतो का, असं शाखेत एकानं मला विचारलं. मी म्हटलं, साहेब, मतदार यादीत माझा पत्ता तोच आहे. मग माणूस आला. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, त्यासाठी आश्रमात एखाद्या नातवाच्या वयाच्या मुलाला धरा.

मुखत्यारपत्र देणार असाल तर एका कामापुरतं द्या, सगळ्या मिळकतीचं देऊ नका. आणि एक लक्षात असू द्या: मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते संपतं. 'आईला आता काही कळत नाही, म्हणून तिचं मुखत्यारपत्र वापरतो' हे वाक्य मी ऑफिसात कितीदा तरी ऐकलं. ते म्हणणाऱ्याला कळत नसायचं की तो स्वतःविरुद्धच जबाब देतोय.

बक्षीसपत्रावर जरा जास्त बोलतो, कारण माझ्या टेबलावर सर्वांत जास्त रडणं याचं होतं. २००७ च्या कायद्याचं कलम २३ असं आहे की, मला सांभाळशील, मूलभूत गरजा भागवशील, या अटीवर ज्येष्ठानं मिळकत दिली आणि घेणाऱ्यानं ते केलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. लोकांना वाटतं की कायदाच आहे, मग काय भीती. भीती 'या अटीवर' या दोन शब्दांत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं आई-मुलाचं नातं पुरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं एका प्रकरणात ज्येष्ठांच्या बाजूनं उदार अर्थ लावून बक्षीसपत्र रद्द केलं, पण त्यात मुलानं आईला सांभाळायचं लिहून दिलेलं होतं. म्हणून दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी दस्तात ही ओळ घाला: 'मला हयातीत राहायला जागा, अन्न, औषधोपचार आणि वृद्धाश्रमात राहिल्यास तेथील शुल्क देण्याच्या अटीवर ही मिळकत देत आहे.' दस्त लिहिणारा म्हणेल, घरातल्या घरात कशाला असलं. त्याला त्याची फी द्या आणि ओळ घालायला लावा.

मुलानं पैसे भरायचं बंद केलं तर

आश्रमाचा फोन येतो, मुलगा उचलत नाही, तीन महिने थकतात, आणि मग एक दिवस व्यवस्थापक म्हाताऱ्याचं सामान बांधायला लावतो. इथं दोन वेगळे हिशोब आहेत.

पहिला आश्रमाचा. थकबाकी वसूल करायचा त्याला हक्क आहे, नोटीस द्यायचाही आहे. पण माणसाला एसटी स्टँडवर नेऊन सोडायचा नाही. २००७ च्या कायद्याचं कलम २४ लोकांना फक्त मुलांसाठी वाटतं. ते तसं नाही. ज्याच्याकडे ज्येष्ठाची देखभाल किंवा संरक्षण आहे अशा कुणीही त्याला कायमचं टाकून देण्याच्या हेतूनं कुठंही सोडलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या हुकमाची वाट बघावी लागत नाही. माझ्या मते आश्रमही यात येतो.

दुसरा हिशोब मुलाचा, आणि तो प्रांत ऑफिसात होतो. प्रांताधिकाऱ्यांपुढे न्यायाधिकरण असतं. अर्ज साध्या कागदावर चालतो, वकील लागत नाही. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. अर्ज आश्रम ज्या हद्दीत आहे तिथंच करता येतो. मुलगा पुण्यात असो की सुरतेत, तुम्ही त्याच्या गावी हेलपाटे घालायचे नाहीत. चालता येत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला लेखी अधिकार द्या. मूलबाळ नसेल तर तुमची मिळकत ज्याला मिळणार आहे किंवा जो आत्ताच ती वापरतोय त्या सज्ञान नातेवाइकाविरुद्ध अर्ज होतो. पुतण्या जमीन कसतो आणि काका आश्रमात, हे आमच्याकडे नेहमीचं. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर आणखी ३० दिवस वाढवता येतात. प्रत्यक्षात उशीर होतो, मी आत होतो म्हणून सांगतो. कारण बहुधा एकच असतं: मुलाचा पत्ता चुकीचा, नोटीस परत. मुलाचा घरचा पत्ता, नोकरीच्या ठिकाणचा पत्ता आणि मोबाइल, तिन्ही द्या. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत अपील. हुकूम होऊनही भरलं नाही तर महिन्याभरापर्यंतची कैद आहे.

सोबत जोडा: वयाचा पुरावा, आश्रमाच्या पावत्या, औषधांची बिलं आणि मुलाच्या उत्पन्नाचं काहीही हाताला लागेल ते. त्याच्या बंगल्याच्या वास्तुशांतीची पत्रिका एका आजोबांनी जोडली होती. साहेबांनी ती बराच वेळ हातात धरली होती.

तक्रार आश्रमाचीच असेल तर

आधी व्यवस्थापकाला लेखी, पोच घेऊन. मग विश्वस्तांना. त्यानंतर ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालय, आणि सरकारी अनुदान असेल तर जिल्ह्याचे समाजकल्याण सहायक आयुक्त. अनुदानित आश्रमाच्या तपासणीचा अहवाल माहिती अधिकारात मागता येतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत ३० दिवस. हा अर्ज गेला एवढ्यानंच पुष्कळदा बाथरूमची दांडी बसते.

पैसे घेऊन सेवा नीट दिली नाही, अनामत परत करत नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे मुलानं भरले असले तरी सेवा घेणारे म्हणून तुम्ही ग्राहक ठरता. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल होते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र करा. फोनवर आधी विचारायचं असेल तर १९१५. पूर्ण मोफत चालणाऱ्या आश्रमाला हा कायदा लागत नाही. तिथं धर्मादाय आणि समाजकल्याण हीच दारं.

ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. मारहाण, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं असेल तर मात्र कुठलाही अर्ज करत बसू नका, ११२ लावा. वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी तो मोफत मिळतो.

मत, दवाखाना, आणि नंतरचं

आश्रमाच्या पत्त्यावर मतदार यादीत नाव आणायला नमुना ८ भरा. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना लोकसभा-विधानसभेला घरबसल्या मत देता येतं. त्यासाठी नमुना १२ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत पोचला पाहिजे. पाच दिवस कमी आहेत, अर्ज आधी भरून ठेवा. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंतचे उपचार. कार्ड उशाखाली ठेवा, रात्री अ‍ॅम्ब्युलन्स आल्यावर ऑफिसची किल्ली कुणाकडे असते ते शोधावं लागतं.

शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर नको असेल तर तसं वैद्यकीय इच्छापत्र करता येतं. २०१८ च्या निकालात प्रक्रिया किचकट होती, २४ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही, एवढं पुरतं. एक प्रत डॉक्टरला, एक जवळच्या माणसाला, एक नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. आश्रमाच्या फायलीत प्रत असू द्याच, कारण रात्री दोनला निर्णय तिथला ड्युटीवरचा पोरगा घेतो.

राग धरतील का?

हा प्रश्न मला दार लावून विचारतात. धरतात. चहा गार येतो, हाक मारली की ऐकू जात नाही. म्हणून एकट्यानं जाऊ नका. पाच जणांनी सही केलेला अर्ज हा कुणा एकाचा राहत नाही. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी नाश्त्यानंतर सगळ्यांची बैठक होते, व्यवस्थापक बसतो, वहीत लिहिलं जातं. सुरुवात आम्ही तक्रारीनं केली नव्हती, भाजीत तिखट कमी करा या विनंतीनं केली. ती लगेच मान्य झाली, आणि वहीत लिहायची सवय लागली. गरम पाण्याचा विषय तिसऱ्या बैठकीला आला. वही आमच्या खोल्यांपैकी एकीत असते, ऑफिसात ठेवायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं.

आणि कपाटाला कुलूप स्वतःचं आणा. आश्रमानं दिलेल्या कुलपाची दुसरी किल्ली ऑफिसात असतेच.